देवगिरीची नायिका बसोहलीच्या डोंगरात

रावी नदीच्या काठावर, आजच्या जम्मू-काश्मीरमधल्या कठुआ जिल्ह्यात, बसोहली नावाचं गाव आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या छोट्याशा दरबारात एका संस्कृत ग्रंथाची चित्रं काढली गेली आणि पहाडी चित्रकलेचा इतिहास सांगणारे आजही त्या चित्रांपासूनच सुरुवात करतात. ग्रंथाचं नाव ‘रसमंजरी’, कर्ता भानुदत्त. हा भानुदत्त मूळचा मिथिलेचा. पण त्याच्या एका श्लोकात निजाम राजाची स्तुती आहे आणि हा राजा देवगिरीचा, असं जुन्या टीकाकारांनी नोंदवून ठेवलं आहे. आजचे अभ्यासक त्याचा संबंध अहमदनगरच्या निजामशाहीशी जोडतात. ‘रसमंजरी’वर ‘व्यंग्यार्थकौमुदी’ ही गाजलेली टीका लिहिणारा अनंतपंडित तर गोदाकाठच्या पुणतांब्याचा. ती टीका त्यानं सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत बसून लिहिली. म्हणजे हिमालयाच्या पायथ्याशी चिताऱ्यांनी ज्या नायिका रंगवल्या, त्यांची वर्गवारी करणाऱ्या ग्रंथाची नाळ आपल्या मुलखाशी जुळलेली आहे.

राजूरच्या गणपतीला चतुर्थीला रांग लावणाऱ्या जालना-भोकरदनच्या माणसाला पहाडी चित्रं ही फार लांबची गोष्ट वाटेल. पण देवगिरी, खडकी, पैठण, जालना हा सगळा पट्टा सोळाव्या-सतराव्या शतकात चित्रांच्या वाटेवर होता. इथे ग्रंथ होते, कागद होता, धनी होते, काही काळ उत्तम चितारीही होते. तरीही बसोहली, गुलेर, कांगडा यांच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी घराणी इथे उभी राहिली नाहीत. असं का झालं, हा प्रश्न मराठीत फारसा कुणी विचारलेला नाही. तो विचारायचा, तर आधी डोंगरात काय घडलं ते नीट पाहायला हवं.

पहाडी चित्रकला ही एका मोठ्या साम्राज्याची निर्मिती नव्हती. रावी, बियास आणि सतलज यांच्या खोऱ्यांत लहान लहान रजपूत राज्यं होती. बसोहली, चंबा, नूरपूर, गुलेर, जसरोटा, मंडी, कुल्लू, कांगडा अशी कितीतरी नावं. काही राज्यं इतकी चिमुकली की दुपारपर्यंत चाललं तर सीमा ओलांडून दुसऱ्याच्या मुलखात जावं. आनंद कुमारस्वामींनी १९१६मध्ये ‘राजपूत पेंटिंग’ हा ग्रंथ काढून राजस्थानी आणि पहाडी अशी विभागणी केली, तेव्हा कुठे या चित्रांना जगाच्या नकाशावर जागा मिळाली.

बसोहलीच्या पहिल्या ‘रसमंजरी’चं एखादं पान जवळून पाहावं. काळ साधारण १६६० ते १६७०. भोवती गडद लाल रंगाची रुंद किनार, आत पिवळीधमक किंवा तपकिरी सपाट भुई. नायिकेचा डोळा कमळाच्या पाकळीसारखा कानाच्या दिशेनं लांबलेला, कपाळ मागे झुकलेलं. तिच्या गळ्यातलं आणि दंडावरचं हिरवं रत्न हे रंगवलेलं नाही. ते हिरव्या भुंगेऱ्याच्या पंखाचा बारीक तुकडा कापून कागदावर चिकटवलेलं आहे. पान किंचित हलवलं की पाचूसारखं चमकतं. ग्रंथात नायक म्हणून कुणाचंही नाव नाही, चिताऱ्यानं मात्र तिथे कृष्ण उभा केला. शास्त्राचा ग्रंथ एका फटक्यात भक्तीचा झाला. हा निर्णय कुणाचा, राजाचा की चिताऱ्याचा, हे सांगता येत नाही, पण भारतीय चित्रकलेतल्या अत्यंत धाडसी निर्णयांत त्याची गणना व्हायला हवी.

याच ग्रंथावर डोंगरात पुन्हा पुन्हा चित्रं झाली. १६९५मध्ये राजा किरपाल पालसाठी देवीदास या चिताऱ्यानं नवी मालिका केली आणि शेवटी स्वतःचं नाव व साल लिहून ठेवलं. पुढे त्याचाच मुलगा गोलू नूरपूरला गेला आणि त्यानंही ‘रसमंजरी’ रंगवली. बाप-लेक, गावं वेगळी, ग्रंथ एकच.

घराणं हीच पहाडी कलेची खरी गुरुकिल्ली आहे. हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं ते बी. एन. गोस्वामी यांनी आणि तेही मुंबईत छापलेल्या ‘मार्ग’ नियतकालिकात, १९६८मध्ये. तोवर चित्रांची वाटणी राज्यांच्या नावानं होत असे: ही बसोहलीची, ती कांगड्याची. गोस्वामींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्या चाळल्या. तीर्थयात्रेला आलेल्या चिताऱ्यांनी तिथे आपली नावं, गाव, बापआजांची नावं लिहून ठेवली होती. त्यातून गुलेरच्या पंडित सेऊचं घराणं उलगडलं. सेऊचे दोन मुलगे, माणकू आणि नैनसुख. थोरल्या माणकूनं १७३०मध्ये ‘गीतगोविंद’ची मालिका पुरी केली. धाकट्या नैनसुखानं जसरोट्याच्या बलवंत सिंगाची संगत धरली आणि दोघांची जोडी वीस वर्षांच्या आसपास टिकली.

नैनसुखाच्या चित्रांत राजा सिंहासनावर ताठ बसलेला फारसा दिसत नाही. तो तंबूत एकटाच बसून पत्र लिहितो, न्हाव्याकडून दाढी नीट करून घेतो, थंडीत रजई लपेटून शेगडीजवळ बसतो, गाणं ऐकतो. राजाच्या इतक्या जवळ जाऊन, इतक्या आदरानं आणि तरीही इतक्या खरेपणानं पाहणारा चितारी भारतात विरळाच. १७६३मध्ये बलवंत सिंग गेल्यावर त्याच्या अस्थी घेऊन गेलेल्या मंडळींत नैनसुख होता आणि हरिद्वारच्या बहीत त्यानं आपल्या नोंदीबरोबर चित्रही काढून ठेवलं. दरबारी चिताऱ्याचं आणि धन्याचं नातं कुठपर्यंत जाऊ शकतं, याचा याहून बोलका पुरावा नाही.

माणकू-नैनसुखाच्या मुला-नातवंडांच्या पिढीनं कांगड्याला आपलं शिखर दाखवलं. राजा संसारचंद १७७५मध्ये दहा वर्षांचा असताना गादीवर आला. त्याच्या काळात ‘भागवत’, ‘गीतगोविंद’ आणि बिहारीची ‘सतसई’ यांची ती कोवळी, मऊ रेषांची चित्रं तयार झाली, जी आजही दिनदर्शिकांवर दिसतात. १८०६पासून गुरख्यांनी कांगड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, १८०९मध्ये किल्ला रणजितसिंगाच्या हाती गेला आणि संसारचंदाचं वैभव ओसरलं. तरी १८२०मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी त्याच्याकडे गेला, तेव्हा राज्य हातचं गेलेल्या त्या राजानं कितीतरी चितारी पदरी ठेवलेले त्याला दिसले. ४ एप्रिल १९०५च्या भूकंपानं कांगडा उद्ध्वस्त झालं, पण तोवर चित्रांची बासनं ठिकठिकाणी पोचलेली होती. म्हणून ती वाचली.

आता गोदावरीच्या खोऱ्याकडे यावं.

पहाडी ‘रसमंजरी’च्या शंभर वर्षं आधी अहमदनगरच्या दरबारात एक पोथी रंगवली गेली, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. आफताबी या कवीचं हे फारसी काव्य हुसेन निजामशाहाच्या गौरवासाठी लिहिलेलं. त्यात १५६५च्या तालिकोटच्या लढाईचं वर्णन आहे. ही पोथी आज पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी तिचं संपादन आणि भाषांतर करून मंडळातर्फे १९८७मध्ये ती प्रसिद्ध केली. महाराष्ट्राच्या भूमीवर रंगवलेली दरबारी लघुचित्रं पाहायची असतील, तर सुरुवात इथूनच करावी लागते.

या पोथीतलं एक चित्र विसरता येत नाही. राणी खुंझा हुमायूं झाडाला स्पर्श करते आणि झाड फुलून येतं. स्त्रीच्या स्पर्शानं अशोक फुलतो हा संस्कृत काव्यातला जुना ‘दोहद’ संकेत. तो इथे फारसी पोथीत, मुसलमान राणीच्या हातून, दख्खनी चिताऱ्यानं रंगवला आहे. या एका पानावर किती परंपरा शेजारी शेजारी बसल्या आहेत, ते पाहावं. पण याच पोथीत दुसरीही गोष्ट दिसते. राजाशेजारी बसलेल्या राणीची आकृती अनेक पानांवर खरवडलेली आणि पुसलेली आहे. हुसेनशाहाच्या मृत्यूनंतर राणीनं मुलाच्या वतीनं कारभार पाहिला, १५६९मध्ये मुलानंच तिला कैद केलं, आणि तिचा चेहरा चित्रांतूनही गेला. राजकारण चित्राच्या कागदापर्यंत येऊन पोचल्याचं इतकं थेट उदाहरण डोंगरातल्या दरबारांतही सापडत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर दख्खनमध्ये एक रागमाला, म्हणजे राग-रागिण्यांची चित्रमालिका, रंगवली गेली. लाल आणि सोनेरी भुई, लांब पावलं टाकत येणाऱ्या बायका, वाऱ्यावर उडणारे पदर आणि चित्राच्या माथ्यावर देवनागरीत संस्कृत श्लोक. श्लोक संस्कृतात असल्यामुळे तिचा धनी हिंदू असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. या मालिकेतली बरीच पानं शेकडो कोस दूर बिकानेरच्या राजघराण्याच्या संग्रहातून बाहेर आली. ती तिकडे का गेली असावीत, हे समजून घेताना औरंगाबादचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

मलिक अंबरनं १६१०मध्ये खडकी वसवली. १६३६मध्ये निजामशाही संपली आणि औरंगजेबाच्या सुभेदारीत खडकीचं औरंगाबाद झालं, आजचं छत्रपती संभाजीनगर. मोगलांच्या दख्खन मोहिमांत उत्तरेचे रजपूत राजे फौजेसह येऊन इथे वर्षानुवर्षं राहिले. शहरातला जयसिंगपुरा, जसवंतपुरा, पदमपुरा ही त्यांच्याच मुक्कामांची खूण. ज्या कर्णपुऱ्यात आजही नवरात्रात देवीची मोठी यात्रा भरते, तो बिकानेरच्या करणसिंगानं वसवला. करणसिंग १६६९मध्ये औरंगाबादेतच वारला. त्याचा मुलगा अनूपसिंग आयुष्यभर दख्खनच्या मोहिमांवर होता आणि १६९८मध्ये अदोनीला मरण पावला. त्यानं इकडून जमवलेल्या पोथ्या बिकानेरला नेल्या. त्याच्या नावाचं अनूप संस्कृत ग्रंथालय संस्कृत अभ्यासकांना सुपरिचित आहे. पोथ्यांबरोबर चित्रंही गेली.

याच औरंगाबादेत १६५०मध्ये ‘रसमंजरी’ची एक सचित्र पोथी तयार झाली, मोगलांच्या चाकरीतल्या एका रजपूत सरदारासाठी. सरयू दोशी यांनी ‘ललितकला’ नियतकालिकातून तिचा परिचय करून दिला. मांडणी रजपूत, रंगांची श्रीमंती आणि सजावट दख्खनी. तारीख मात्र पुन्हा वाचावी: १६५०. म्हणजे बसोहलीच्या पहिल्या ‘रसमंजरी’च्या दहा-वीस वर्षं आधी तोच ग्रंथ देवगिरीच्या किल्ल्याच्या सावलीत रंगवून झाला होता. बसोहलीनं इथून उचललं, असं म्हणायला आधार नाही आणि तसं म्हणण्याची गरजही नाही. एवढं मात्र म्हणता येतं की या ग्रंथाची चित्रं काढावीत, ही हौस आपल्याकडे आधीच रुजलेली होती.

कागदाची तर ददातच नव्हती. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा कित्येक शतकं चालला आणि दौलताबादी कागद मराठी दप्तरांतही मानाचा गणला गेला. लघुचित्राला लागतो तो एकावर एक ताव चिकटवून, अकीक दगडानं घोटून गुळगुळीत केलेला कागद. हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, सोन्याचा वर्ख आणि खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, ही सामग्री डोंगरातली आणि दख्खनची फारशी वेगळी नव्हती.

मग गाडं अडलं कुठे?

पहिलं कारण राजधानीचं. अहमदनगर, दौलताबाद, खडकी, औरंगाबाद आणि शेवटी १७६३मध्ये निजामानं हलवलेली राजधानी हैदराबाद. दीडशेहून अधिक वर्षांत दरबाराचं बिऱ्हाड इतक्या वेळा उठलं की चिताऱ्याच्या तीन पिढ्या एका गावात म्हाताऱ्या होणं अशक्य होतं. पहाडी चितारीही फिरत होते. सेऊच्या घराण्यातली माणसं बसोहली, जसरोटा, चंबा, कांगडा अशी पांगली. पण ती चार-दोन दिवसांच्या चालीवर होती आणि गुलेरचं घर शाबूत होतं. आपल्याकडे फौजेची छावणी हाच दरबार होता. जालन्याचंच पाहा. दख्खनच्या सुभ्यातली ही भरभराटीची पेठ १६७९च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजांनी लुटली. स्वराज्याच्या दृष्टीनं ती मोहीम महत्त्वाची होतीच, पण ज्या मुलखात दर दहा वर्षांनी घोडदळ येऊन जातं, तिथे चिताऱ्याचं घर पिढीजात कसं होणार?

दुसरं कारण मराठी दरबारांच्या आवडीचं आहे. ते स्पष्टपणे मांडायला हवं. शिवकाळात धन लागलं ते किल्ले आणि फौज उभारण्यात. ते योग्यच होतं. शिवरायांची जी समकालीन किंवा जवळच्या काळातली चित्रं आज ॲमस्टरडॅम, पॅरिस, लंडनच्या संग्रहांत आहेत, त्यांतली बहुतेक गोवळकोंड्याच्या शैलीतली आहेत. युरोपीय लोकांनी ती विकत नेली. युरोपीय प्रवासी मनुची याच्या संग्रहातलं घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचं चित्र मीर मुहम्मद या चिताऱ्याचं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी विसाव्या शतकात अस्सल चित्राचा पाठपुरावा केला, म्हणून महाराष्ट्राला महाराजांचा खरा चेहरा कळला. तोवर भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं.

पेशवाईत पैसा होता आणि हौसही होती. पण चितारी बोलावले गेले ते जयपूरकडून, आणि चित्रं काढून घेतली ती मुख्यतः भिंतींवर. शनिवारवाड्याचे दिवाणखाने, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, वाई-साताऱ्याकडचे कितीतरी वाडे. बासनात गुंडाळलेलं पान भूकंपातूनही वाचतं, भिंत मात्र वाड्याबरोबर जाते. १८२८च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या आणि त्यांच्याबरोबर पेशव्यांच्या चित्रकलेचा मोठा ठेवा गेला. मेणवलीत जे उरलं आहे, त्यावरून काय हरवलं याची कल्पना करता येते.

पुण्यात एक संधी आली होती. स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स १७९०च्या दशकात पेशव्यांच्या दरबारी आला. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात चित्रकलेचे धडे सुरू झाले आणि त्यातून गंगाराम तांबटासारखा देशी चित्रकार पुढे आला. वेरूळच्या लेण्यांची त्यानं केलेली रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्स १७९५मध्ये वारला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले आणि तो प्रयत्न तिथेच थांबला.

जिथे मराठी दरबार एका जागी टिकला, तिथे कला रुजली. तंजावरच्या भोसल्यांनी १६७६पासून पावणेदोनशे वर्षं एकाच शहरात राज्य केलं. सरफोजी दुसऱ्याच्या काळात तिथली सोन्याच्या वर्खाची चित्रं बहराला आली आणि ती परंपरा आजही जिवंत आहे. सावंतवाडीच्या संस्थानानं गंजिफा हा हातानं रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ जपला. दशावतारी गंजिफाच्या १२० गोल पानांवर चितारी घराण्यांनी काढलेली चित्रं ही खऱ्या अर्थानं लघुचित्रंच आहेत. विसाव्या शतकात ती कला मरणपंथाला लागली, तेव्हा शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कलाकार बसवून तिला पुन्हा उभं केलं. ही दोन्ही उदाहरणं एकच गोष्ट सांगतात: मराठी माणसाला चित्राची आवड नव्हती, हे म्हणणं खोटं आहे. उणीव होती ती जमिनीच्या तुकड्यावर निर्धास्त बसलेल्या चितारी कुटुंबाची.

विसाव्या शतकात महाराष्ट्रानं एक मोठं काम मात्र केलं. पहाडी चित्रं जपली आणि त्यांच्यावर लिहिलं. मुंबईचे वकील कार्ल खंडालावाला यांचा ‘पहाडी मिनिएचर पेंटिंग’ हा ग्रंथ १९५८मध्ये मुंबईत निघाला आणि अजूनही तो बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही. त्यांचा स्वतःचा संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयाचे संचालक मोतीचंद्र यांनी लघुचित्रांच्या तंत्रावर आणि शैलींवर आयुष्यभर लिहिलं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी तर स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८मध्ये सुरू केलेल्या श्रीभवानी संग्रहालयात पहाडी चित्रं साताऱ्याच्या माळावर येऊन पोचली. मराठीत द. ग. गोडसे यांनी मराठा कलेकडे गांभीर्यानं पाहायची नजर दिली, पण त्यांच्यानंतर हा विषय पुन्हा मागे पडला.

पहाडी चिताऱ्यांची नावं हरिद्वारच्या बह्यांतून निघाली. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठणच्या तीर्थोपाध्यायांकडे वंशावळींच्या वह्या आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद आहेत. त्यांत कुणा चिताऱ्याला दिलेली बिदागी, रंगाचा खर्च, वर्खाचा हिशेब, इनामाची सनद जरूर नोंदलेली असणार. ती शोधायला मोडी वाचणारे डोळे हवेत. संभाजीनगरच्या विद्यापीठात आणि जालना, भोकरदनच्या महाविद्यालयांत इतिहास शिकवणाऱ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना ‘दख्खनचे चितारी’ हा विषय द्यावा. आणि राजूर परिसरातल्या किंवा कुठल्याही जुन्या वाड्यात ज्यांच्याकडे चित्रांची पोथी असेल, त्यांनी तिची पानं सुटी करून दलालाला विकू नयेत. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशा जुन्या वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आधी एखाद्या अभ्यासकाला बोलावून पोथीच्या प्रत्येक पानाचं छायाचित्र काढून घ्यावं.